गडावर चला, तुरुंगापाशीही थांबा

नवरात्रातल्या चतुर्थीच्या रात्री प्रतापगडाचा तट उजळतो. गडावरच्या भवानीमातेच्या मंदिराला साडेतीनशे वर्षं झाली, त्या निमित्तानं मशाल महोत्सव सुरू झाला आणि दर वर्षी त्यात एका मशालीची भर पडत गेली. दिवस मावळला की कडेवर लेकरं घेतलेल्या आया, काठी टेकत आलेले आजोबा, महाबळेश्वरहून आलेले प्रवासी असे सगळे तटाच्या कडेनं उभे राहतात. ढोल वाजू लागतात, एकामागून एक मशाल पेट घेते आणि खालच्या जावळीच्या रानाला वर गड आहे हे पुन्हा दिसतं. एरवी भरदुपारी येऊन तासाभरात परतणाऱ्या माणसाला या तटाची लांबी आणि वळणं कधी कळत नाहीत.

याच गडाच्या पायथ्याशी १० नोव्हेंबर १६५९ रोजी शिवाजी महाराज आणि अफजलखान यांची भेट झाली. तिथीनं तो दिवस मार्गशीर्ष शुद्ध सप्तमी. दर वर्षी या तिथीला गडावर शिवप्रताप दिन साजरा होतो. भवानीची पूजा होते, भगवा चढतो, महाराजांची पालखी निघते, पोवाडे होतात आणि मर्दानी खेळांची पथकं लाठी, दांडपट्टा, फरी-गदका करून दाखवतात. पट्टा फिरवणाऱ्यांत शाळकरी मुलीही असतात. आपल्या मुलांना पुढं बसवून ते जरूर दाखवावं, मात्र दोरीच्या बाहेर बसवून. पट्ट्याचं पातं लवचीक असतं आणि त्याची फेक दिसते त्याहून लांब जाते.

मुलांना तिथं नेल्यावर फक्त वाघनखांची गोष्ट सांगून थांबू नये असं मला कळकळीनं वाटतं. त्यांना बुरुजावर उभं करावं आणि खाली पाहायला सांगावं. खानाची एवढी मोठी फौज या दाट रानात, अरुंद वाटेनं का उतरवली गेली? महाराजांचे वकील पंताजी गोपीनाथ यांनी खानाशी बोलणी करून त्याला इथवर कसं आणलं? गडावरच्या तोफेचा इशारा झाल्यावर झाडीत दबा धरून बसलेलं सैन्य कुठून निघालं असेल? दहा वर्षांच्या मुलाला हे सगळं कळतं, कारण उत्तर त्याच्या डोळ्यांसमोर पसरलेलं असतं. जुलै २०२५ मध्ये युनेस्कोनं मराठ्यांच्या बारा किल्ल्यांना जागतिक वारसा म्हणून मान्यता दिली. सातारा जिल्ह्यातला त्यातला एकच किल्ला म्हणजे प्रतापगड.

या सहलीची तयारी दिवाळीतच सुरू होते. सातारा, कऱ्हाड, सांगली, मिरज कुठंही जा, अंगणात दगड-विटांवर पोतं टाकून, माती लिंपून, अळीव पेरून किल्ले उभे असतात. चांगल्या स्पर्धेचा परीक्षक रंगरंगोटीकडं न पाहता मुलांना विचारतो, 'चोरदिंडी कुठं ठेवलीस? पाण्याचं टाकं इथंच का?' माती कालवताना ज्यानं या प्रश्नांचा विचार केला, तो खऱ्या गडावर गेला की पाहुणा राहत नाही. दिवाळी सरल्यावर पाचेक आठवड्यांत शुद्ध सप्तमी येते. अंगणातल्या किल्ल्यावरून थेट प्रतापगडावर जायला हा काळ फार सोयीचा आहे.

जानेवारीत अजिंक्यतारा. १२ जानेवारी १७०८ रोजी शाहू महाराजांचा राज्याभिषेक झाला आणि सातारा मराठ्यांची राजधानी बनला. तो दिवस सातारकर आता सातारा स्वाभिमान दिन म्हणून गडावर साजरा करतात. शहराला लागूनच असलेल्या या गडावर आजी-आजोबांनाही नेता येतं. जाताना मुलांना १७०० सालच्या वेढ्याची गोष्ट सांगावी: औरंगजेबाची छावणी खाली, वर किल्लेदार प्रयागजी प्रभू. मोगलांनी तटाखाली सुरुंग पेरले. एका स्फोटात प्रयागजी मातीखाली गाडले गेले आणि जिवंत बाहेर निघाले. दुसऱ्या स्फोटात उडालेला तट मोगलांच्याच माणसांवर कोसळला. मंगळाई बुरुजापाशी उभं राहून ही गोष्ट ऐकलेलं मूल ती विसरत नाही.

इतिहास असा डोळ्यांसमोर उभा करण्याचा युरोपातला एक सुरुवातीचा प्रयत्न स्वीडनमध्ये झाला. १८९१ साली स्टॉकहोमला स्कान्सेन उघडलं. जुनी घरं उचलून आणून तिथं मांडली आणि जुन्या वेषातली माणसं जुनी कामं करून दाखवू लागली. आपल्याकडं घरं उचलून आणावी लागत नाहीत. खंडाळा तालुक्यातल्या नायगावात सावित्रीबाईंचं जन्मघर जपलेलं आहे; ३ जानेवारीला तिथं लेकींना घेऊन जावं. साताऱ्याच्या प्रतापसिंह हायस्कुलात ७ नोव्हेंबर १९०० रोजी भीमराव आंबेडकर दाखल झाले. त्यांच्या नावाची नोंद असलेलं रजिस्टर शाळेनं जपलं आहे आणि राज्यात तो दिवस विद्यार्थी दिन म्हणून पाळला जातो.

सांगलीकडं आलं की इतिहासाचा रंग बदलतो. ५ नोव्हेंबर १८४३ रोजी सांगलीच्या राजवाड्यात विष्णुदास भाव्यांनी 'सीता स्वयंवर' केलं. आज त्या तारखेला मराठी रंगभूमी दिन असतो आणि सांगलीत भावे गौरवपदक दिलं जातं. ते योग्यच आहे. पण भाव्यांच्या खेळात सूत्रधाराच्या पदांवर पात्रं नाचत, विदूषक टिंगल करी आणि 'अलल डुर्र' अशी आरोळी ठोकत राक्षस मंचावर घुसत. मुलांना याहून आवडेल असं नाटक कोणतं? वर्षातून एक सकाळ शाळांनी तसा खेळ राजवाड्याच्या आवारात उभा करावा आणि राक्षसाचं काम सहावीतल्या पोरांना द्यावं.

मला सर्वांत जास्त बोलायचं आहे ते १९४२ च्या इतिहासाबद्दल. आजच्या सांगली जिल्ह्याचा मोठा भाग तेव्हा सातारा जिल्ह्यातच होता. १९४९ मध्ये दक्षिण सातारा वेगळा झाला आणि १९६० मध्ये त्याचं नाव सांगली पडलं. म्हणून क्रांतिसिंह नाना पाटलांचं प्रतिसरकार साताऱ्याचं म्हणून ओळखलं गेलं, पण त्याचं बळ कुंडल, वाळवा अशा गावांत होतं. या सरकारनं गावोगाव न्यायदान केलं, गांधी पद्धतीची साधी लग्नं लावली, तुफान सेना उभी केली. ९ सप्टेंबर १९४२ ला वडगावहून वडूजच्या कचेरीवर निघालेल्या मोर्चावर गोळीबार झाला. हातात तिरंगा घेतलेले परशुराम घार्गे तिथं पडले. ७ जून १९४३ ला कऱ्हाड तालुक्यातल्या शेणोलीजवळ तुफान सेनेनं पगाराचा पैसा नेणारी रेल्वेगाडी अडवून लुटली. २४ जुलै १९४३ ला वसंतदादा पाटील आणि त्यांचे साथी सांगलीच्या गणेशदुर्गातला तुरुंग फोडून तटावरून खंदकात उतरले आणि कृष्णेच्या दिशेनं धावले. पाठोपाठ गोळीबार झाला. अण्णासाहेब पत्रावळे आणि बाबूराव जाधव हुतात्मा झाले, वसंतदादा जखमी होऊन पकडले गेले.

या घटनांच्या स्मृतिदिनी आपण काय करतो? पुतळ्याला हार, स्तंभाला वंदन, पाच भाषणं. मुलं उन्हात उभी राहून कंटाळतात आणि घरी जातात. गडांसाठी मशाली, पालखी, पट्टा, पोवाडा हे सगळं आहे. शिवजयंतीला तर तरुण गडावर ज्योत पेटवून रात्रभर धावत आपल्या गावी आणतात. एवढी कल्पकता असलेला मुलूख बेचाळीसच्या बाबतीत हात का आखडता घेतो? वडूजला वडगावच्या वाटेनं मोर्चा पुन्हा चालत नेता येईल, पुढं तिरंगा आणि मागं कुटुंबं. सांगलीत गणेशदुर्गाच्या खंदकापासून नदीपर्यंत पायी चालता येईल आणि वाटेत चार ठिकाणी थांबून शाहिरानं चार कडवी म्हणावीत. गोळीबाराचं सोंग करण्याची काहीच गरज नाही. लहान मुलांसमोर मरण वठवून दाखवण्यापेक्षा माणसं कुठून कुठं धावली हे पावलांनी मोजू दिलं, तर त्यांना अधिक समजतं.

याला उशीर करून चालणार नाही. तुफान सेनेचे कॅप्टन भाऊ, म्हणजे रामचंद्र श्रीपती लाड, २०२२ मध्ये गेले. लढलेली पिढी जवळजवळ संपली. त्यांच्या तोंडून ऐकलेले मुलगे, सुना, नातवंडं मात्र कुंडलपासून वाळव्यापर्यंत घराघरांत आहेत. कोण कुठल्या माळ्यावर लपला, भाकरी कुणी पोचवल्या, निरोप कुठल्या पोरीनं नेला, हे त्यांना ठाऊक आहे. त्यांना सभागृहातल्या खुर्चीवर बसवून शाल देण्यापेक्षा मुलांबरोबर शेणोलीच्या रुळांजवळच्या स्मारकापाशी न्यावं आणि तिथं बोलू द्यावं. ७ जूनला शाळा अजून उघडलेल्या नसतात, पेरणीची धांदलही बहुधा सुरू व्हायची असते आणि पुण्या-मुंबईहून आलेली भावंडं बऱ्याचदा गावीच असतात. सकाळी लवकर निघावं, उन्हं चढायच्या आत.