चित्र इथं, नाव तिथं!

शाळेच्या प्रकल्पाचं एक पान डोळ्यांसमोर आणा. विषय आहे 'महाराष्ट्राची मानचिन्हं'. आधी शेकरूचं चित्र, त्याखाली ओळ, 'शेकरू : आपला राज्यप्राणी'. मग हरियाल, त्याखाली 'हरियाल : आपला राज्यपक्षी'. पान कसं झकास दिसतंय! तेवढ्यात तुम्हाला सुरुवातीला आणखी सात-आठ ओळी लिहाव्याशा वाटल्या. लिहिल्यात, आणि झाली की गंमत! मजकूर सरकला खाली, चित्रं राहिली जागच्या जागी. 'शेकरू' हे नाव जाऊन बसलं थेट हरियालच्या चित्राखाली! आता पहिलीतलं एखादं पोर ते पान बघेल, तर पिवळ्या पायांच्या पक्ष्यालाच शेकरू म्हणेल की नाही? चित्र खरं, नावही खरं, पण जोडी चुकली की पान खोटं बोलायला लागतं.

हे का होतं? संगणक खोडसाळ आहे म्हणून? मुळीच नाही. चित्रानं कुठं राहायचं, हे आपण त्याला सांगितलेलं नसतं, एवढंच.

पानावर चित्र दोन तऱ्हांनी राहतं. पहिली तऱ्हा म्हणजे अक्षरासारखं. चित्र म्हणजे जणू एक भलंमोठं अक्षर! मजकूर सरकला की तेही मुकाट्यानं सोबत सरकतं. वर्डमध्ये या तऱ्हेला 'इन लाइन विथ टेक्स्ट' म्हणतात. लिबरऑफिस रायटर या फुकट मिळणाऱ्या प्रोग्रॅममध्ये तिचं नाव 'ॲज कॅरॅक्टर'. दुसरी तऱ्हा पतंगासारखी. चित्र पानावर तरंगतं आणि मजकूर त्याच्या बाजूनं वळसा घालून जातो. 'स्क्वेअर', 'टाइट' ही या तरंगण्याचीच रूपं. पण पतंगाला मांजा असतो ना, तसा या चित्रालाही असतो! चित्रावर क्लिक केलंत की एखाद्या परिच्छेदाजवळ नांगराची छोटी खूण दिसते. चित्र त्या परिच्छेदाला बांधलेलं असतं. तो अख्खा परिच्छेद पुसलात, तर चित्रही गेलंच म्हणून समजा!

प्रकल्पासाठी पहिली तऱ्हा सगळ्यांत सोपी. चला, करून बघू.

१) चित्राला स्वतंत्र ओळ द्या. वर्डमध्ये चित्रावर क्लिक केलं की बाजूला एक छोटं बटण येतं. त्यातून 'इन लाइन विथ टेक्स्ट' निवडा. मग कंट्रोल आणि ई ही बटणं एकदम दाबा. चित्र येईल बरोबर मध्यावर. स्पेसबार बडवून ढकलत बसायचं नाही बरं का!

२) चित्र लहानमोठं करायचंय? मग कोपऱ्यातला ठिपका धरून ओढा. बाजूचा ठिपका ओढलात, तर शेकरू लठ्ठ तरी होईल नाहीतर काटकुळं!

३) आता चित्रावर माऊसचं उजवं बटण दाबा आणि 'इन्सर्ट कॅप्शन' निवडा. चित्राखाली ओळ लिहायची जागा मिळते आणि क्रमांकही आपोआप पडतो. समजा, २०१५ साली राज्य फुलपाखरू ठरलेलं नीलवंत मध्येच घालायचं राहून गेलं होतं. हरकत नाही! त्याची ओळ अशीच घाला, पुढचे क्रमांक आपोआप बदलतील. एखादं चित्र काढून टाकलंत, तर मात्र वर्डमध्ये कंट्रोल आणि ए दाबून सगळं निवडा आणि एफ ९ दाबा. क्रमांक पुन्हा रांगेत उभे राहतील.

४) कधी कधी चित्र पानाच्या तळाशी आणि नाव पुढच्या पानाच्या डोक्यावर, अशी ताटातूट होते. त्यावर उपाय आहे. चित्राच्या ओळीवर असताना 'पॅराग्राफ'मध्ये जा आणि 'कीप विथ नेक्स्ट'वर खूण करा. मग चित्र नावाचा हात सोडणार नाही.

आणि चित्र तरंगतंच हवं असेल तर? तेव्हा वर्ड खालची ओळ एका वेगळ्या चौकटीत देतो. शिफ्टचं बटण दाबून ठेवा, चित्र आणि चौकट दोन्हींवर क्लिक करा आणि 'ग्रुप' करा. दोघांची गाठ पक्की! रायटर तर चित्र आणि ओळ आपणहून एकाच चौकटीत ठेवतो.

आता ओळीत लिहायचं काय? नुसतं 'पक्षी' लिहून काय उपयोग? पक्षी आहे हे दिसतंच आहे! 'हरियाल. पाय पिवळे, वड-पिंपळाची फळं आवडीनं खातो,' असं लिहा. म्हणजे बघणारा पुन्हा एकदा चित्राकडे वळेल आणि पाय निरखून पाहील. चित्र दुसऱ्या कुणी काढलेलं असेल, तर त्याचं नावही द्या. दुसऱ्याच्या कष्टाला नाव दिलंच पाहिजे ना?

सगळं झालं की फाइलची पीडीएफ प्रत करा. दुसऱ्या संगणकावर तोच फॉन्ट नसला, तर मूळ फाइलमधल्या ओळी हलतात. पीडीएफमध्ये पान जसंच्या तसं राहतं. मग ती प्रत प्रकल्प न पाहिलेल्या मित्राला द्या आणि विचारा, "यातला शेकरू कुठला रे?" त्यानं पटकन बरोबर बोट ठेवलं, की खुशाल छापायला द्या!