न उबलेल्या अंड्यांची साक्ष

घरच्या घरीं कोंबडीचीं अंडीं उबवून पिलें काढणें हा उद्योग दिसण्यांत सोपा आहे. खुडूक कोंबडी २१ दिवस अंड्यांवर बसते आणि कोणीं कांहीं न शिकवितां आपलें काम चोख पार पाडते. तेंच काम आपण पेटी, दिवा आणि उष्णतामापक घेऊन करूं लागलों म्हणजे मात्र पुष्कळदां निराशा पदरीं येते. २४ अंडीं ठेवावीं आणि सात-आठ पिलें निघावीं, असा अनुभव अनेक घरीं येतो. मग कोणी पेटीस, कोणी अंडीं देणाऱ्यास, तर कोणी नशिबास बोल लावतो, आणि उरलेलीं अंडीं उकिरड्यावर जातात. वस्तुतः मोठा तोटा होतो तो येथेंच. कारण अपयशाचें कारण बहुधा त्या टाकून दिलेल्या अंड्यांतच सांपडावयाचें असतें.

गर्भ केव्हां मेला हें कळलें, म्हणजे तो कां मेला हें ओळखणें कठीण नाहीं. ग्रीक तत्त्ववेत्ता अ‍ॅरिस्टॉटल ह्यानें ख्रिस्तपूर्व चौथ्या शतकांतच, तिसऱ्या दिवशीं हृदय रक्ताच्या ठिपक्यासारखें दिसूं लागतें, येथपासून पिलाच्या वाढीचें वर्णन करून ठेविलें आहे. आपणांसही तीच वाट धरावयाची आहे. सातव्या व अठराव्या दिवशीं अंधाऱ्या खोलींत प्रत्येक अंडें टॉर्चच्या उजेडासमोर धरून पहावें. आणि तेविसाव्या दिवसापर्यंत जीं उबलीं नाहींत तीं घराबाहेर नेऊन फोडून पहावीं. हें काम झाल्यावर हात साबणानें स्वच्छ धुण्यास विसरूं नये.

पहिला प्रकार कोऱ्या अंड्यांचा. सातव्या दिवशीं ज्यांत शिरांचें जाळें दिसत नाहीं, उजेड आरपार येतो, तीं बहुधा सफळ झालेलींच नसतात. येथें पेटीचा दोष नाहीं. बाजारांत खाण्यासाठीं येणारीं कारखानी अंडीं कोंबड्यावांचून वाढविलेल्या माद्यांचीं असतात. त्यांतून पिलूं निघणें अशक्य. घरच्या कळपांत आठ-दहा माद्यांमागें एक तरुण, निरोगी नर असावा, आणि तो कळपांत सोडल्यावर निदान आठवडाभर थांबून मग अंडीं जमवावीं.

दुसरा प्रकार रक्ताच्या वलयाचा. अंड्यांत तांबडें कडें दिसतें, पण शिरा दिसत नाहींत. हा गर्भ पहिल्या चार-पांच दिवसांत मेलेला असतो. ह्याचें कारण पुष्कळदां अंडीं पेटींत ठेवण्यापूर्वींच घडलेलें असतें. अंडीं आठवड्याहून जुनीं होऊं देऊं नयेत. दहा दिवसांनंतर त्यांची उबण्याची शक्ति झपाट्यानें कमी होते. साठवणीस १३ ते १८ अंश सेल्सिअस एवढा गारवा उत्तम. आपल्याकडील उन्हाळ्यांत उघड्यावर ठेवलेल्या अंड्यांतील गर्भ अवेळीं वाढूं लागतो व दुबळा होऊन मरतो. उलट बर्फाच्या कपाटांतील थंडी त्यास सोसत नाहीं. ओल्या वाळूंत बसविलेल्या मातीच्या माठांत, रुंद टोंक वर करून तीं ठेवावीं. दूरवरून हिंदकळत आणलेलीं अंडीं एक दिवस स्थिर राहूं द्यावीं.

पेटींतील फाजील उष्णतेनेंही असेंच वलय दिसतें. ज्या पेटींत पंखा आहे तींत ३७.५ अंश सेल्सिअस, म्हणजे ९९.५ अंश फॅरनहाइट उष्णता लागते. पंखा नसेल तर वरची हवा अधिक तापते; म्हणून उष्णतामापकाची गोळी अंड्यांच्या माथ्याशीं ठेवून १०१ ते १०२ अंश फॅरनहाइट राखावें. परंतु उष्णतामापकच खोटें बोलत असेल तर सर्व श्रम फुकट! कुटलेल्या बर्फाच्या पाण्यांत तें शून्य अंश सेल्सिअस दाखवितें कीं नाहीं तें पहावें. नंतर कोमट पाण्यांत घरांतील ज्वरमापकाशीं ताडून घ्यावें. पिलें विसाव्या दिवसापूर्वींच निघालीं तर उष्णता अधिक होती आणि बाविसावा दिवस उलटून गेला तर ती कमी होती, असें समजावें. हल्लींचे एल. ई. डी. दिवे ऊब फारच थोडी देतात, म्हणून पेटीस जुन्या पद्धतीचा तारेचा दिवा किंवा तापकच हवा. वीज गेली तर घाबरूं नये. पेटीवर घोंगडी पांघरावी, मात्र हवेचीं भोंकें मोकळीं ठेवावीं. कोंबडीही दाणापाण्यासाठीं रोज कांहीं वेळ उठतेच. थोडी थंडी गर्भ सोसतो; अति उष्णता सोसत नाहीं.

तिसरा प्रकार मधल्या दिवसांत मेलेल्यांचा. ह्यांची संख्या सहसा थोडी असते. ती वाढली तर माद्यांच्या खाण्यांत जीवनसत्त्वांची उणीव आहे काय, हें पहावें व त्यांस नुसत्या धान्याऐवजीं हिरवा पाला व पौष्टिक खाद्य द्यावें. दुर्गंधि येत असेल तर घाणेरडीं किंवा तडकलेलीं अंडीं ठेवलीं गेलीं असावींत.

चौथा प्रकार सर्वांत हृदयद्रावक. पिलूं पूर्ण वाढलें, पिसें आलीं, कधीं कवचास भोंकही पाडलें, आणि तेथेंच मेलें. येथें दोष बहुधा ओलाव्याचा, हवेचा किंवा अंडीं न फिरविण्याचा असतो. कवचांतील हजारों सूक्ष्म छिद्रांतून पाण्याची वाफ बाहेर जाते आणि रुंद टोंकाशीं हवेची पोकळी वाढते; पिलूं आपला पहिला श्वास त्याच पोकळींत घेतें. पहिल्या १८ दिवसांत अंड्याचें वजन शेंकडा १२ ते १३ घटावें. म्हणजे ५० ग्रॅमचें अंडें सुमारें ४४ ग्रॅम भरावें. घट कमी असेल तर हवा फार ओली होती. पिलूं फुगून पोकळी लहान राहते. घट अधिक असेल तर हवा कोरडी होती. आंतला पापुद्रा कागदासारखा वाळून पिलास जखडतो. पहिले १८ दिवस शेंकडा ५० ते ५५ व शेवटचे तीन दिवस ६५ ते ७० आर्द्रता असावी. ती वाढवावयाची तर भांडें खोल नव्हे, पसरट घ्यावें. कोंकणांतील पावसाळ्यांत पहिल्या दिवसांत पाणी ठेवण्याची गरजही कदाचित् भासणार नाहीं. देशावरील उन्हाळ्यांत एक भांडें पुरणारही नाहीं. वजन पाहून ठरवावें.

अंडीं रोज तीन किंवा पांच वेळां फिरवावींत, नाहीं तर गर्भ पापुद्र्यास चिकटतो. वेळांची संख्या विषम असली म्हणजे लांबलचक रात्र दर खेपेस एकाच बाजूवर जात नाहीं. एका बाजूस फुली व दुसऱ्या बाजूस शून्य पेन्सिलीनें काढावें, म्हणजे चुकामूक होत नाहीं. अठराव्या दिवशीं फिरविणें थांबवावें, पाणी वाढवावें आणि पेटी बंद करावी. त्यानंतर कुतूहलानें झांकण उघडणें हा पिलांचा घात आहे. प्रत्येक वेळीं ओलावा निसटतो व पापुद्रा वाळतो. पहिलें भोंक पडल्यावर पिलूं बाहेर यावयास पुष्कळदां दिवसभर लागतो. त्या अवधींत तें पिवळा बलक पोटांत ओढून घेत असतें. कवच सोलून त्यास साहाय्य करूं जाणें म्हणजे रक्तस्राव ओढवून घेणें होय.

आतां हिशेब मांडूं. समजा, २४ अंड्यांपैकीं ८ पिलें निघालीं. उरलेल्या १६ पैकीं ४ कोरीं, ३ वलयाचीं, १ मधेंच मेलेलें व ८ पूर्ण वाढून मेलेलीं निघालीं. वरवर पाहतां यश तिसरा हिस्सा. परंतु कोरीं चार वगळलीं कीं पेटीची खरी परीक्षा २० अंड्यांची झाली, आणि तींत यश शेंकडा ४०. अपयशाचा मोठा वांटा शेवटच्या तीन-चार दिवसांत आहे. तेव्हां नवा कोंबडा किंवा नवी पेटी विकत घेण्यापूर्वीं पाण्याचें भांडें, हवेचीं भोंकें व अंडीं फिरविण्याची वेळ तपासावी. पुढील खेपेस एकच गोष्ट बदलावी. चार गोष्टी एकदम बदलल्या तर गुण कशाचा आला तें कळत नाहीं.

विद्यार्थीमित्रांनो, ह्या कामीं फार पैसा किंवा फार विद्वत्ता लागत नाहीं. एक वही ठेवा. रोजची उष्णता, वजन, अंडीं फिरविल्याच्या वेळा आणि न उबलेल्या प्रत्येक अंड्याची हकीकत तींत लिहा. पालकांनींही मुलांस पिलांची संख्या विचारण्याआधीं ही वही पहावयास मागावी. अंड्यांतील जीव आपली अडचण बोलून दाखवूं शकत नाहीं. आपण तो ज्या पेटींत ठेविला तिची काळजी वेळच्या वेळीं घेणें आणि तो दगावला तर कां दगावला हें शोधून पुढील जीवांस वांचविणें, एवढें कर्तव्य त्या पेटीबरोबर आपल्याकडे येतें.