न दिसणाऱ्या किरणांना वळण लावणारी माणसं

कणांना जवळजवळ प्रकाशाच्या वेगाने पळवणारं यंत्र कुठे असतं? ‘जिनिव्हाजवळ, जमिनीखाली, 27 किलोमीटरच्या वर्तुळात,’ असं उत्तर तुम्ही चटकन द्याल. बरोबरच आहे. पण अशी यंत्रं परळच्या टाटा रुग्णालयात आहेत, पुण्यात आहेत, नागपुरातही आहेत. सकाळपासून त्यांच्याखाली एकामागून एक माणसं येऊन झोपतात, पंधरा-वीस मिनिटांनी उठतात आणि घरी जातात. विचारलं तर म्हणतात, ‘शेक चालू आहेत.’

या यंत्राचं नाव लिनियर ॲक्सिलरेटर. रुग्णालयात सगळे त्याला ‘लिनॅक’ म्हणतात. त्यातल्या तांब्याच्या पोकळ नळीत इलेक्ट्रॉन सोडतात आणि मायक्रोवेव्ह लहरी त्यांना पुढे रेटतात. ही नळी किती लांब असेल? काही यंत्रांत ती एक मीटरही भरत नाही. तेवढ्यात इलेक्ट्रॉन प्रकाशाच्या वेगाच्या 99 टक्क्यांपुढे गेलेला असतो! अनेक लिनॅकमध्ये या लहरी निर्माण करणाऱ्या भागाला मॅग्नेट्रॉन म्हणतात. त्याचाच धाकटा भाऊ स्वयंपाकघरातल्या मायक्रोवेव्हमध्ये बसलेला असतो. दुसऱ्या महायुद्धात रडारसाठी विकसित झालेलं हे तंत्र 1953 साली लंडनच्या हॅमरस्मिथ रुग्णालयात कर्करोगाच्या रुग्णापर्यंत पोहोचलं.

हे सुसाट इलेक्ट्रॉन टंगस्टनच्या तुकड्यावर आदळतात आणि तिथून क्ष-किरण उसळतात. विल्हेल्म राँटगेनला 1895 मध्ये सापडले तेच हे किरण, पण छातीच्या एक्स-रेतल्या किरणांपेक्षा कितीतरी अधिक ऊर्जेचे.

आता खरी नवलाची गोष्ट ऐका. या शेकांची, म्हणजेच किरणोपचाराची, मात्रा ‘ग्रे’मध्ये मोजतात. एक किलो ऊतीत एक जूल ऊर्जा शोषली गेली, की झाला एक ग्रे. दिवसाला साधारण 2 ग्रे देण्याची जुनी रीत आहे. एवढ्याने त्या ऊतीचं तापमान किती वाढत असेल? एका अंशाच्या जेमतेम दोन हजाराव्या भागाइतकं! सगळ्या शरीराला एकदम 4 ग्रे मिळाले तर जिवावर बेतू शकतं, पण त्यातली एकूण ऊर्जा गरम चहाच्या एका घोटातल्या उष्णतेहून जास्त नसते.

मग इतकीशी ऊर्जा गाठीला मारते कशी? ती घाव घालते तो थेट पेशीच्या मर्मावर, डीएनएवर. एका ग्रेमागे प्रत्येक पेशीत डीएनएचा एकच धागा तुटण्याच्या सुमारे हजार घटना घडतात. त्या तुटी पेशी सहज सांधते. पण तीसचाळीस ठिकाणी दोन्ही धागे एकदम तुटतात, आणि तिथे सांधा चुकू शकतो. गंमत म्हणजे अशी जखमी पेशी बहुधा लगेच मरत नाही. विभाजनाची वेळ आली की तिचा हिशोब होतो. म्हणून शेवटचा शेक होऊन गेल्यावरही गाठ कित्येक आठवडे आकसत राहते.

आणि शेजारच्या निरोगी पेशींचं काय? याचं उत्तर पॅरिसमध्ये क्लॉडियस रेगो यांच्या मेंढ्यांवरच्या प्रयोगांतून पुढे आलं. मेंढ्याला एकाच बैठकीत किरण देऊन वंध्य करू पाहावं, तर त्वचेची भयंकर हानी होई. तेच किरण अनेक दिवसांत वाटून दिले, तर शुक्राणू बनवणाऱ्या पेशी संपत आणि त्वचा सावरे. दोन बैठकांच्या मधल्या तासांत निरोगी ऊती दुरुस्ती उरकतात, कर्करोगाच्या पेशी बहुतेकदा मागे पडतात. पाच-सहा आठवडे रोज रुग्णालयाची वारी करावी लागते, त्यामागे हे जीवशास्त्र आहे. काही कर्करोगांत आता याहून कमी बैठकाही पुरतात.

वेळेची वाटणी झाली, तशी दिशांचीही होते. यंत्र रुग्णाभोवती फिरत वेगवेगळ्या बाजूंनी किरण सोडतं. प्रत्येक वाटेवर थोडे थोडे पडतात, गाठीपाशी सगळे एकवटतात. यंत्राच्या तोंडाशी टंगस्टनच्या पातळ पट्ट्या असतात, पुष्कळ यंत्रांत 120. प्रत्येक पट्टीला स्वतःची मोटर! यंत्र फिरत असतानाच त्या पुढेमागे सरकतात आणि किरणांच्या झोताला त्या त्या बाजूने दिसणाऱ्या गाठीचा आकार देतात.

इथवर सगळं यंत्राच्या हातात आहे. पण माणूस श्वास घेतो, घाबरतो, आठवड्यागणिक वाळतो. मिलिमीटरचा हिशोब अशा जित्याजागत्या देहावर जमवायचा कुणी?

रेडिओथेरपी टेक्नॉलॉजिस्टने. गरम पाण्यात मऊ पडलेली प्लॅस्टिकची जाळी तो रुग्णाच्या चेहऱ्यावर बसवतो. काही मिनिटांत ती कडक होते आणि डोकं रोज त्याच जागी राहील असा मुखवटा तयार होतो. अंगावर सुईच्या टोकाएवढे गोंदणाचे ठिपके देऊन तो ते भिंतीवरून येणाऱ्या लेझरच्या रेषांशी जुळवतो. डाव्या स्तनाचा उपचार असेल तर खोल श्वास भरून रोखायला शिकवतो, कारण फुप्फुस फुगलं की हृदय किरणांच्या वाटेतून दूर सरतं. ओटीपोटाचा उपचार असेल तर बऱ्याचदा आधी पाणी प्यायला लावतो. भरलेलं मूत्राशय आतड्यांना बाजूला ढकलतं. साधं पिण्याचं पाणीही इथे उपचाराची सामग्री होतं! मग तो जाड काँक्रीटच्या भिंतींबाहेर येतो, कॅमेऱ्यातून नजर ठेवतो आणि आत एकट्या पडलेल्या माणसाशी इंटरकॉमवर बोलतो. डॉक्टरांची भेट बहुधा आठवड्यातून एकदा होते. टेक्नॉलॉजिस्ट रोज भेटतो, त्यामुळे गिळायला त्रास होऊ लागला आहे किंवा धीर सुटत चालला आहे, हे बऱ्याचदा आधी त्याच्याच लक्षात येतं.

या कामाकडे नेणाऱ्या मुख्य वाटा तीन. बारावी सायन्सनंतर रेडिओथेरपी टेक्नॉलॉजीची पदवी घेऊन टेक्नॉलॉजिस्ट होता येतं. या अभ्यासात शरीररचना, किरणांचं भौतिकशास्त्र, पेशींवरचे परिणाम आणि सुरक्षा येते, शिवाय प्रत्यक्ष यंत्रावर महिनोन्‌महिने हात बसवावा लागतो. भौतिकशास्त्राची आवड असेल तर मेडिकल फिजिसिस्ट व्हा. किरण कुठून, किती सोडायचे याची आखणी आणि यंत्राची काटेकोर तपासणी त्यांच्याकडे असते. मुंबईच्या भाभा अणुसंशोधन केंद्रात यासाठीचा पदविका अभ्यासक्रम 1962 पासून चालतो. तिसरी वाट एमबीबीएसनंतर रेडिएशन ऑन्कॉलॉजीत एमडी करण्याची. पुढे रुग्णालयांखेरीज अध्यापन, संशोधन, यंत्रं बनवणाऱ्या कंपन्या आणि किरणसुरक्षेचं क्षेत्रही खुलं असतं.

‘पण रोज किरणांच्या सान्निध्यात राहायचं?’ आईवडिलांना हा प्रश्न पडणारच. कर्मचारी अंगावर टीएलडी बॅज लावतात. त्यातल्या चकत्या मिळालेल्या मात्रेची नोंद धरून ठेवतात आणि ठरावीक काळाने ती तपासली जाते. अणुऊर्जा नियामक मंडळाने मर्यादा आखून दिली आहे: पाच वर्षांच्या सरासरीने वर्षाला 20 मिलिसीव्हर्ट (किरणांचा शरीरावरचा परिणाम मोजण्याचं एकक), आणि कोणत्याही एका वर्षात 30 हून जास्त नाही. लिनॅकचं बटण बंद झालं की किरणही थांबतात. लिनॅकचे उपचार घेतलेला माणूस किरणोत्सर्गी होत नाही. त्याने घरी जाऊन नातवाला खुशाल मांडीवर घ्यावं.

आपल्या महाराष्ट्राचं या विद्येशी नातं जुनं आहे. 1941 मध्ये सुरू झालेलं टाटा स्मारक रुग्णालय 1962 पासून चक्क अणुऊर्जा विभागाच्या अखत्यारीत आहे. अणुभट्ट्या चालवणारा विभाग कर्करोगाचं रुग्णालयही चालवतो! भाभा केंद्राने ‘भाभाट्रॉन’ हे कोबाल्टवर चालणारं स्वदेशी उपचारयंत्र बनवलं. खारघरच्या ॲक्ट्रेक या कर्करोग केंद्रात 2023 पासून प्रोटॉन उपचारही मिळतात. प्रोटॉन शरीरात ठरावीक खोलीवर जाऊन थांबतो, जाता जाता आपली बरीचशी ऊर्जा तिथेच सोडतो आणि पलीकडच्या ऊती जवळजवळ अस्पर्श राहतात. त्याने नेमकं कुठे थांबायचं, हे आधी माणसं बसून ठरवतात.

कर्करोगाच्या साधारण निम्म्या रुग्णांना कधी ना कधी किरणोपचार लागतात. तरीही बारावीनंतरच्या आपल्या गप्पांत या शिक्षणाचं नाव क्वचितच निघतं. तुमच्या घरात विज्ञान आवडणारं आणि माणसांत रमणारं मूल असेल, तर त्याला हे क्षेत्र जरूर सुचवा. प्रवेश घेण्याआधी दोन गोष्टी विचारा: अभ्यासक्रमाला अणुऊर्जा नियामक मंडळाची मान्यता आहे का, आणि विद्यार्थ्यांना चालू यंत्रावर, खऱ्या रुग्णांसोबत शिकायला मिळतं का? दोन्ही उत्तरं ‘हो’ आली, तर बिनधास्त पाठवा.