साखरेचं शुभेच्छापत्र

दिवाळीच्या आधीच्या रविवारी माझी भाची रंगांची पेटी घेऊन थेट स्वयंपाकघरातच आली. ती यंदा पाचवीत आहे. "मावशी, बारा शुभेच्छापत्रं करायचीत. भेंडी दे ना!" मी भाजी चिरायला बसलेच होते. देठाकडचे जाड तुकडे तिला काढून दिले आणि मग मलाही राहवेना. जमिनीवर जुनं वर्तमानपत्र पसरून आम्ही दोघी बसलो, ते थेट संध्याकाळी उठलो. त्या दिवशी काय काय पाहिलं, ते तुम्हाला सांगायलाच हवं.

भेंडीचा ठसा तुम्ही चित्रकलेच्या तासाला केला असेल. भेंडी आडवी चिरली की आत पाच कप्पे दिसतात. रंग लावून कागदावर टेकवली की पाच पाकळ्यांचं फूल उठतं. पण पाचच का? भेंडीचं फूल कुणी पाहिलंय? फिकट पिवळं असतं, मध्यभागी गडद लाल. त्यालाही पाकळ्या पाचच. भेंडी आणि जास्वंद एकाच कुळातल्या, आणि या कुळात पाचाची मोठी आवड! फुलाचं फळ झालं तरी भेंडी पाचाचा हिशेब बहुतेकदा विसरत नाही. बहुतेकदा म्हणते, कारण आमच्या ढिगात एक भेंडी चक्क सात कप्प्यांची निघाली. भाचीने ती लगेच वाटीखाली झाकून ठेवली. "ही आजोबांच्या कार्डासाठी."

पहिला ठसा मात्र बिघडला. रंग फुटला, म्हणजे कडेने झिरपत पसरला आणि फुलाचा नुसता डाग झाला. दुसरा बरा आला. तिसरा इतका सुरेख, की त्यात बियांच्या जागासुद्धा दिसल्या! रंग तोच, भेंडी तीच, हातही तोच. मग फरक कशाचा? पाण्याचा. नुकती चिरलेली भेंडी ओली आणि बुळबुळीत असते. पहिल्या ठशाबरोबर तिचं सगळं पाणी कागदावर उतरलं. मग आम्ही तुकडे फडक्यावर टिपून घेतले आणि रंग श्रीखंडाइतका दाट केला. तेव्हापासून सगळे ठसे नीट उठले.

बटाट्याचंही तसंच. बटाट्यात पाच भागांतले जवळजवळ चार भाग पाणीच. अर्धा बटाटा कोरून झाल्यावर सुरी तशीच राहू दिली, तर तिच्यावर पांढरा पिठूळ थर वाळतो. हा थर लक्षात ठेवा, आपल्याला तो पुढे लागणार आहे.

भाचीने बटाट्यावर 'शुभ' कोरलं, अगदी वळणदार अक्षरात. ठसा उठवला तर सगळं उलटं! आरशात दिसतं तसं. ठशावर सुलटं कोरलं की कागदावर उलटं उमटतं, म्हणून कोरतानाच उलटं कोरावं लागतं. (तुमच्या वहीत एक गंमत करून पाहा. 'ठसा' लिहून आरशासमोर धरा. 'सा' उलटा होतो, पण 'ठ' जवळजवळ होता तसाच राहतो.) मग मला शिवाजी महाराजांची अष्टकोनी राजमुद्रा आठवली. ती कोरणाऱ्या कारागिराने संस्कृत अक्षरं एकेक करून उलटी कोरली असणार, तीही धातूवर, जिथे चुकलं तर खोडता येत नाही. त्या काळच्या पत्राच्या माथ्यावर शिक्का असायचा आणि मजकूर संपला की शेवटी मोर्तब. म्हणजे मजकुरानंतर कुणी एक ओळही घुसवू शकणार नाही! "शिक्कामोर्तब झालं" असं आपण आजही म्हणतो, ते याच दोन ठशांमुळे.

आता उमटवणाऱ्या ठशाकडून कापणाऱ्या ठशाकडे वळू. घरात नुकतीच लग्नपत्रिका आली असेल तर नीट बघा. कडा नागमोडी कापलेली असते, नाहीतर मधोमध कलशाच्या आकाराची खिडकी असते. हे काही कात्रीने कापलेलं नसतं. छापखान्यात पोलादाची धारदार पट्टी हव्या त्या आकारात वाकवून प्लायवूडच्या फळीत बसवतात. ही झाली डाय. ती कागदावर दाबली की एका दाबात आकार कापून निघतो. सोऱ्यातली चकलीची चकती आठवा. आकार एकदाच बनवायचा आणि मग चकल्या हव्या तेवढ्या पाडायच्या. डायचीही तीच युक्ती.

पण नुसतं दाबून कागद कापला कसा जातो? तळहाताने कितीही दाबला तरी कागदाला काही होत नाही. हिशेब करू. समजा तळहाताचा ५० चौरस सेंटिमीटर भाग कागदाला टेकला. आता तेवढ्याच जोराने १० सेंटिमीटर लांबीचं पातं दाबलं. त्याची धार ०.०५ मिलिमीटर जाड धरू. म्हणजे टेकलेली जागा फक्त ०.०५ चौरस सेंटिमीटर. जोर तोच, पण जागा हजारपट कमी, म्हणून दाब हजारपट जास्त!

शुभेच्छापत्रं बनवणाऱ्यांकडे डायचं एक छोटं यंत्रही असतं. कागद आणि डाय दोन पाट्यांमध्ये ठेवायची आणि मूठ फिरवून ती चवड दोन रुळांमधून काढायची. रसवंतीतला उसाचा चरकच जणू! रूळ एका वेळी चवडीचा अगदी अरुंद पट्टाच दाबतो. आख्खा आकार एकदम कापायला मोठं यंत्र लागलं असतं. पट्टा पट्टा करत गेलं, की लहान मुलाच्या हाताचा जोरही पुरतो.

आमच्याकडे यंत्र नव्हतं, करंजीचं कातणं होतं. ते कागदावर फिरवलं तर कागद कापला गेला नाही, पण खालच्या वर्तमानपत्राच्या गादीमुळे नक्षीदार वळ उठला. आम्ही बाराही कार्डांना तीच किनार केली. मला तर ती विकतच्या कार्डांपेक्षा जास्त आवडली.

आणि मग घडी घालताना खरी पंचाईत झाली. जाड कागद मधोमध दुमडला तर घडीवर भेगा पडल्या, कड भुरभुरीत झाली. दुसरा कागद आडवा धरून दुमडला, तर घडी कशी सुरीसारखी! कागद एकाच गठ्ठ्यातला. "हा कागद चांगला आणि तो वाईट होता का?" भाचीने विचारलं. मी तिला कालचं वर्तमानपत्र दिलं आणि म्हटलं, वरून खाली फाड. सरळ पट्टी निघाली. आता डावीकडून उजवीकडे फाड. ते वेडंवाकडं फाटलं. तुम्हीही फाडून पाहा. (आजचं नको, घरात कुणी वाचायचं राहिलं असेल!)

कागद म्हणजे झाडाच्या बारीक तंतूंची दाटीवाटी. तंतू केसाहून बारीक आणि मिलिमीटर-दोन मिलिमीटर लांब. कारखान्यात पातळ लगदा धावत्या जाळीवर ओततात. ओढ्यातल्या काड्या वाहताना प्रवाहाच्या दिशेने वळतात ना, तसे बरेचसे तंतू जाळीच्या दिशेला लागतात. छापखान्यात याला कागदाचा ग्रेन म्हणतात. खिडकीचा काड्यांचा पडदा आठवा. तो एका दिशेने झटकन गुंडाळला जातो, दुसऱ्या दिशेने गुंडाळायला गेलं तर काड्या मोडतात. आमच्या पहिल्या कार्डात नेमकं तेच झालं होतं.

मग ग्रेन ओळखायचा कसा? कागदाचा लहान चौकोन कापा आणि फक्त एका बाजूला ओलं बोट फिरवा. आम्ही केलं. दहा आकडे मोजायच्या आत चौकोन हलायला लागला. आधी एक कड उचलली गेली, मग समोरची, आणि कागद आपोआप वळून त्याची नळी झाली. भाची नाक टेकवून बघत होती. ओल्या बाजूचे तंतू पाणी पिऊन जाडीत फुगतात, लांबीला मात्र जवळजवळ वाढत नाहीत. ओली बाजू मोठी झाली, कोरडी तेवढीच राहिली, म्हणून कागद कोरड्या बाजूकडे वळला. नळीची लांबी ज्या दिशेला, त्याच दिशेला तंतू. घडी त्या दिशेनेच घालायची. दौलताबादजवळच्या कागजीपुऱ्यात होतो तसा हातकागद मिळाला, तर हा प्रश्न फारसा येत नाही. तिथे लगदा चौकटीतल्या जाळीवर हातानेच उचलतात, त्यामुळे तंतू एकाच दिशेला न लागता कसेही पडतात.

"पण मावशी, कागदाला पाणी इतकं आवडतंच का?"

कारण कागद साखरेचा आहे!

खरंच सांगते. झाडाचा तंतू सेल्युलोजचा असतो आणि सेल्युलोज म्हणजे ग्लुकोज नावाच्या साखरेच्या हजारो मण्यांची माळ. साखर आणि पाणी यांची किती गट्टी, ते सरबत करताना तुम्ही पाहता. कागदातल्या साखरेलाही पाणी तितकंच हवं असतं, पण तिच्या माळा एकमेकींना घट्ट बिलगलेल्या. विरघळता येत नाही, म्हणून ती नुसती फुगते. आता सुरीवरचा तो पांढरा थर आठवा. तो आहे बटाट्याचा स्टार्च, तोही ग्लुकोजच्याच माळांचा. फक्त मणी वेगळ्या तऱ्हेने जोडलेले. तेवढ्या फरकामुळे बटाटा आपल्याला पचतो आणि कागद पचत नाही. गाईच्या पोटात मात्र सेल्युलोज फोडणारे सूक्ष्मजीव असतात, म्हणून ती कागदही चघळते.

पूर्वीचे कागजी लोक कागदाला स्टार्चची खळ लावायचे आणि गुळगुळीत दगडाने घोटायचे. असा घोटीव कागद पाणी लवकर पीत नाही, म्हणून बोरूची शाई फुटत नसे. टीपकागदाला खळ नसते, म्हणून तो घटाघटा पितो. आणखी आहे! जलरंगात रंगाची पूड कागदाला चिकटून राहावी म्हणून बाभळीच्या नात्यातल्या झाडाचा डिंक घालतात. डिंकही बहुतांशी साखरेच्याच माळा. भेंडीचा बुळबुळीतपणा? तोही साखरेच्याच माळा!

भाचीने कार्ड उचलून हुंगलं. "मग याला मुंग्या का नाही लागत?"

काय प्रश्न आहे! मुंग्यांना सुटी साखर हवी. इतक्या लांब माळा त्यांच्या कामाच्या नाहीत. पण जुन्या पुस्तकांना कसर लागते ना? ती चंदेरी, सुळकन पळणारी. तिला ह्या माळा पचतात, आणि बांधणीतली खळ तर तिचा खाऊच.

तोवर आजोबांच्या कार्डावर मघाशी सांडलेला निळ्या रंगाचा थेंब वाळला होता. मधे फिकट आणि भोवती गडद निळी कड. चहाच्या डागालाही अशीच कड असते. थेंब वाळताना त्याची कड कागदाला धरून बसते आणि पाणी सगळ्यात जास्त कडेकडूनच उडतं. तिथली तूट भरायला मधलं पाणी कडेकडे धावतं आणि रंगाचे कण सोबत ओढत नेतं. पाणी उडून जातं, कण कडेला राहतात. इतका रोजचा डाग! पण त्यामागचं हे कारण शिकागो विद्यापीठातल्या शास्त्रज्ञांनी नीट मांडलं ते १९९७ साली.

भाचीला तो थेंब खोडायचा होता. आता ती म्हणाली, "राहू दे." शेजारी तिने सात पाकळ्यांचं फूल उठवलं आणि सोमवारी कार्ड पोस्टात टाकलं.

गुरुवारी आजोबांचा फोन आला. "अगं, तुझ्या फुलाला सात पाकळ्या कशा?"

"भेंडीच तशी होती, आजोबा! पण खालचा निळा डाग पाहिलात का? त्याची कड बघा."

"थांब," आजोबा म्हणाले, "चष्मा आणतो."