फुटपाथवर टेबल मांडायचं तर परवानगी कोणाची? जामबागच्या रस्त्यावरून समजून घेऊ कायदा

हैदराबाद : जामबाग म्हटलं की मराठवाड्यातल्या जुन्या पिढीला विवेकवर्धिनी आठवते. केशवराव कोरटकरांच्या पुढाकारातून उभी राहिलेली ही मराठी शिक्षणसंस्था अजून तिथेच आहे. पण आज मोअज्जम जाही मार्केटकडून पुतळीबावली, कोठीकडे चालत निघालेल्या माणसाला आधी दिसतात ती खाण्याची ठिकाणं. दुकान जेमतेम दहा बाय बाराचं, गिऱ्हाईक मात्र सगळं बाहेर. फुटपाथवर स्टीलचं उंच टेबल, ताटलीवर प्लास्टिकचा कागद, त्यात इडली-वडा आणि शेंगदाण्याची चटणी. उभ्याउभ्या खायचं, कागद टाकायचा, निघायचं. त्याच ओळीत दोन पावलांवर बंडी उभी असते. नांदेडकडे तिला हातगाडी म्हणतात, मुंबईत ठेला.

पाहणाऱ्याला दोन्ही सारखेच वाटतात. दोघेही रस्त्यावर खायला घालतात, दोघांमुळेही चालणारा फुटपाथवरून खाली उतरतो. कायद्याच्या नजरेत मात्र हे दोन वेगळे लोक आहेत. आणि गंमत अशी की, ज्याच्याकडे पक्कं दुकान, लायसन्स, वीजमीटर सगळं आहे, त्याचाच फुटपाथवरचा हक्क कमी आहे. सीमाभागातून हैदराबादला जाऊन खाण्याचा धंदा टाकू पाहणाऱ्यांनी पागडी देण्याआधी हा फरक समजून घेतलेला बरा.

लायसन्स भिंतीपर्यंतच

हॉटेल किंवा टिफिन सेंटर काढायचं तर महापालिकेचं ट्रेड लायसन्स लागतं. त्याचा आधार ग्रेटर हैदराबाद महानगरपालिका अधिनियम, १९५५ हा आहे. लायसन्सची फी दुकानाच्या क्षेत्रफळावर आणि समोरचा रस्ता किती रुंद आहे यावर ठरते. रस्ता रुंद तर फी जास्त. इथेच अनेकांचा गैरसमज होतो. रस्त्याच्या रुंदीप्रमाणे पैसे भरले, म्हणजे रस्ता वापरायची परवानगी मिळाली असं वाटतं. तसं काही नाही. लायसन्सवर जो चौरस फुटांचा आकडा आहे तो शटरच्या आतला. बाहेरचं टेबल त्यात धरलेलं नसतं.

उलट याच कायद्याचं कलम ४०२ सार्वजनिक रस्त्यावर अडथळा होईल असं काही उभारायला किंवा बसवायला मनाई करतं. टेबल, बाकडं, तंदूरची भट्टी, फ्रीज, जाहिरातीचा बोर्ड, सगळं त्यात येतं. नोटिशीची वाट बघू म्हणावं तर तिथेही आधार कमी आहे. १३ नोव्हेंबर २०२४ रोजी सर्वोच्च न्यायालयाने ‘बुलडोझर’ प्रकरणात बांधकाम पाडण्याआधी १५ दिवसांची नोटीस बंधनकारक केली, ती बातमी सगळ्यांनी वाचली. पण त्याच निकालात रस्ता, गल्ली, फुटपाथ, रेल्वेलगतची जागा, नदी-तलाव यांवरची अनधिकृत बांधकामं त्या संरक्षणातून वगळली आहेत, हे फारसं कोणी वाचलं नाही.

मग दुकानापुढची स्वतःची मोकळी जागा? नव्या इमारतींत पुढे सोडलेली जागा मालकाचीच असते, पण बांधकाम परवान्यात ती मोकळी ठेवायची अट असते. तिथे पत्र्याची शेड टाकली की ते वाढीव बांधकाम झालं. जामबागच्या जुन्या इमारतींत तर बहुतेक ठिकाणी हा प्रश्नच उरत नाही, कारण पायरी उतरलं की थेट फुटपाथ. त्यामुळे भाड्याने गाळा घेताना मालक ‘पुढची जागाही आपलीच, चार टेबलं बसतात’ असं सांगत असेल, तर तो जे विकतोय ते त्याचं नाहीच. पुढच्या चार टेबलांच्या हिशेबाने भाडं ठरवलं आणि सहा महिन्यांनी महापालिकेचा ट्रक आला, तर तोटा भाडेकरूचा.

बंडीवाल्याचा कायदा वेगळा

बंडीवाल्याच्या मागे मात्र केंद्राचा स्वतंत्र कायदा उभा आहे: पथविक्रेता (उपजीविका संरक्षण व पथविक्री विनियमन) अधिनियम, २०१४. १ मे २०१४ पासून तो लागू झाला. तेलंगणा, महाराष्ट्र, कर्नाटक, गोवा, सगळीकडे मूळ कायदा हाच. योजना आणि नियम मात्र प्रत्येक राज्याचे आपापले.

हा कायदा आभाळातून पडला नाही. १९८९ मध्ये सोदान सिंग प्रकरणात सर्वोच्च न्यायालयाने रस्त्यावर विक्री करणं हा व्यवसाय-स्वातंत्र्याचा भाग मानला. मात्र अमुकच जागा मिळावी असा हक्क कोणालाही नाही, हेही तेव्हाच सांगितलं. पुढे मुंबईच्या फेरीवाल्यांच्या खटल्यात सप्टेंबर २०१३ मध्ये न्यायालयाने नगर पथविक्रेता समित्या नेमायला सांगितलं आणि काही महिन्यांत संसदेने कायदा केला.

कायद्याची रचना अशी. नगर पथविक्रेता समितीने दर पाच वर्षांनी किमान एकदा सर्वेक्षण करायचं. सर्वेक्षणात सापडलेल्या विक्रेत्यांना सामावून घ्यायचं, पण संख्या त्या वॉर्डाच्या किंवा शहराच्या लोकसंख्येच्या अडीच टक्क्यांच्या आत राहिली पाहिजे. मग विक्री प्रमाणपत्र आणि ओळखपत्र. सर्वेक्षण पुरं होऊन प्रमाणपत्रं वाटली जाईपर्यंत कोणालाही हटवायचं नाही, असं कलम ३ स्पष्ट म्हणतं. समितीवर आयुक्त अध्यक्ष, आणि किमान ४० टक्के सदस्य विक्रेत्यांनी निवडून दिलेले, त्यातल्या एक तृतीयांश महिला.

प्रमाणपत्र घेताना विक्रेता लेखी हमी देतो. धंदा स्वतः किंवा घरच्यांकडून चालवीन, उपजीविकेचं दुसरं साधन नाही, आणि प्रमाणपत्र किंवा जागा दुसऱ्याला भाड्याने देणार नाही. हॉटेलमालक या कायद्याच्या आडोशाला उभा राहू शकत नाही तो इथे. त्याच्याकडे गाळा आहे, म्हणजे दुसरं साधन आहे. आणि दुसऱ्याच्या नावावरची बंडी रोज दोनशे-तीनशे रुपये देऊन चालवणाऱ्याच्या हातातही काही राहत नाही. प्रमाणपत्र एकाचं, घाम दुसऱ्याचा, अशा बंड्या प्रत्येक शहरात आहेत. कारवाई झाली की घाम गाळणाऱ्याचं नाव कुठल्याच कागदावर सापडत नाही.

जामबागला ‘नैसर्गिक बाजार’ म्हणायचं का?

कायद्यात एक शब्द आहे, नैसर्गिक बाजार. म्हणजे जिथे विकणारे आणि घेणारे परंपरेने जमत आले आहेत अशी जागा. विक्रीचा आराखडा करताना अशा बाजारांचा विचार करावा लागतो. जामबागचा फुलबाजार हे त्याचं जिवंत उदाहरण ठरावं. घाऊक फुलबाजार गुडीमलकापूरला हलवला गेला, तरी झेंडू-शेवंतीचे हार विकणारे जामबागला राहिलेच. कारण गिऱ्हाईक तिथे येतं. खाण्याच्या बंड्यांचंही तेच. कोठीची पुस्तकांची दुकानं, दवाखाने, सुलतान बाजारची गर्दी हटत नाही, तोवर इडलीची बंडी हटवूनही चार दिवसांत परत येते.

महाराष्ट्रातल्या वाचकांना इथे एक सवयीचा नियम आठवेल. मुंबई उच्च न्यायालयाच्या नोव्हेंबर २०१७ च्या आदेशानुसार रेल्वे स्थानकापासून १५० मीटर आणि शाळा, रुग्णालय, प्रार्थनास्थळापासून १०० मीटरच्या आत फेरीवाल्यांना मनाई आहे. तो आदेश मुंबईच्या खटल्यातला. हैदराबादेत तेच मीटर गृहीत धरून चालायचं कारण नाही. तिथे बंदी कुठे, मुभा कुठे, हे तिथल्या महापालिकेच्या झोनवरून ठरतं.

कायदा कागदावर एवढा तपशीलवार असूनही प्रत्यक्षात निर्णय कसे होतात, ते जानेवारी २०२४ मध्ये सगळ्या देशाने पाहिलं. माधापूर भागात जेवणाची गाडी चालवणाऱ्या ‘कुमारी आंटी’ समाजमाध्यमांमुळे प्रसिद्ध झाल्या, गर्दी वाढली, वाहतूक तुंबली, आणि वाहतूक पोलिसांनी गाडी हलवायला सांगितलं. बोभाटा झाल्यावर मुख्यमंत्री रेवंत रेड्डी यांच्या सूचनेवरून त्याच जागी धंदा चालू ठेवायची मुभा मिळाली. त्या बाईंचं भलं झालं, छानच. पण समिती, झोन, ३० दिवसांची नोटीस, यातलं काहीच त्या गोष्टीत कुठे दिसलं नाही. ज्यांचे व्हिडिओ व्हायरल होत नाहीत त्यांना तोच कायदा लागतो, मुख्यमंत्री नाही.

चालणाऱ्याचं काय?

हा प्रश्न विक्रेत्यांच्या बाजूने लिहिणारे बहुधा टाळतात, म्हणून थोडं थांबू. इंडियन रोड्स काँग्रेसच्या पादचारी सुविधांच्या मार्गदर्शक सूचनांनुसार चालायला किमान १.८ मीटर रुंद आणि २.२ मीटर उंच अशी अडथळा नसलेली वाट हवी. व्यापारी भागात तर २.५ मीटर. आता हिशेब करा. ६० सेंटिमीटरचं उभं टेबल आणि दोन्ही बाजूंना खाणारी माणसं मिळून जवळपास १.८ मीटर जागा जाते. म्हणजे फुटपाथ साडेतीन मीटरहून रुंद असेल, तरच टेबल आणि चालणारा दोघे मावतात. जामबागसारख्या जुन्या भागात एवढा फुटपाथ शोधावा लागेल.

१४ मे २०२५ रोजी सर्वोच्च न्यायालयाने अडथळामुक्त फुटपाथ हा घटनेच्या कलम २१ मधल्या जगण्याच्या हक्काचा भाग असल्याचं सांगितलं. त्यामुळे पुढच्या काळात कारवाया वाढतील, असंच धरून चालावं. टेबलापेक्षा बंडी यात थोडी सोपी पडते, कारण झोन आखताना ती मोजून बसवता येते. पण बंडीभोवती उभं राहणारं गिऱ्हाईक कोणी मोजत नाही.

टेबल बाहेर मांडायला कायदेशीर वाट असूच शकत नाही असं नाही. जामबागला लागूनच असलेल्या मोअज्जम जाही मार्केटच्या अंगणात लोक खुर्च्यांवर बसून आइस्क्रीम खातात. १९३५ च्या सुमारास बांधलेली ही दगडी वास्तू दुरुस्त होऊन ऑगस्ट २०२० मध्ये पुन्हा खुली झाली, अंगणातल्या गाड्या हटल्या आणि बसायला जागा झाली. ते अंगण रहदारीच्या वाटेवर नाही, हे महत्त्वाचं. गोव्यात किनाऱ्यावरचे शॅक पर्यटन खातं ठराविक मुदतीच्या धोरणानुसार वाटून देतं आणि हंगाम संपला की ते उतरवावे लागतात. न्यूयॉर्कने कोरोनाकाळात हॉटेलांना रस्त्यावर टेबलं मांडू दिली, मग २०२३ मध्ये कायदा करून रस्त्यातली टेबलं एप्रिल ते नोव्हेंबरपुरती ठेवली. किती जागा, किती महिने, किती फी, हे तिथे आधी ठरतं. आपल्याकडे फी ठरलेली नसते म्हणून काही फुकट मिळतं असं नाही. पावती नसलेले पैसे कुठे ना कुठे जातातच.

खाद्यपदार्थांची नोंदणी वेगळी

जागेचा प्रश्न सुटला तरी अन्नसुरक्षेची नोंदणी चुकत नाही. बंडी असो की हॉटेल, अन्नसुरक्षा कायदा २००६ खाली नोंदणी किंवा परवाना लागतोच. छोट्या विक्रेत्याला साधी नोंदणी, मोठ्याला परवाना. ‘बंडीला कोण विचारतंय’ म्हणून लोक हे टाळतात. ऑक्टोबर २०२४ अखेरीस हैदराबादेत मोमो खाऊन एका महिलेचा मृत्यू झाला, अनेकजण आजारी पडले, आणि तपासात विक्रेत्याकडे परवानाच नसल्याचं समोर आलं. त्यानंतर तेलंगणा सरकारने कच्च्या अंड्याच्या मेयोनीजवर वर्षभराची बंदी घातली. गॅसचंही लक्षात ठेवावं. घरगुती १४.२ किलोची टाकी धंद्याला चालत नाही, १९ किलोची व्यावसायिक घ्यावी लागते. महाग पडते, म्हणूनच तपासणीत आधी तीच बघतात.

माल उचलून नेला तर

बंडीवाल्याला हलवायचं तर कलम १८ प्रमाणे ३० दिवसांची नोटीस लागते. मुदतीनंतरही न हलल्यास दंड दिवसाला २५० रुपयांपर्यंत, आणि एकूण दंड जप्त मालाच्या किमतीहून जास्त असू शकत नाही. माल जप्त केला तर कलम १९ नुसार तिथल्या तिथे यादी करून सहीची प्रत विक्रेत्याला द्यावी लागते. नाशवंत माल मागणी केली त्याच दिवशी, बाकीचा दोन कामाच्या दिवसांत परत मिळायला हवा, अर्थात फी भरून. यादीच मिळाली नाही तर काय परत मागायचं हे सिद्ध करता येत नाही, म्हणून ट्रक हलायच्या आत मोबाइलवर फोटो काढून ठेवावेत. तक्रारीसाठी कलम २० खाली निवृत्त न्यायाधीशाच्या अध्यक्षतेखालची समिती आहे.

हॉटेलच्या बाहेरच्या टेबलांना यातलं काहीही लागू नाही.

सीमेपलीकडून येणाऱ्यांचा नेहमीचा सवाल असतो: नांदेडचं किंवा बिदरचं विक्री प्रमाणपत्र हैदराबादेत चालेल का? नाही चालत. ते त्या शहराच्या समितीने, त्या झोनपुरतं दिलेलं असतं. नव्या ठिकाणी नव्याने अर्ज करावा लागतो, आणि सर्वेक्षणात नाव नसलेल्याला प्रमाणपत्र मिळतं ते झोनमध्ये जागा शिल्लक असेल तरच. पीएम स्वनिधी कर्जाचंही तसंच. २०२५ मधल्या बदलानंतर पहिला हप्ता १५ हजार, मग २५ हजार, मग ५० हजार अशी ती योजना मार्च २०३० पर्यंत वाढवली आहे. प्रमाणपत्र नसेल तर स्थानिक महापालिकेचं शिफारसपत्र चालतं, पण ते जिथे बंडी उभी आहे त्या शहराचं हवं. नोटीस तेलुगूत किंवा इंग्रजीत येते. सही करण्याआधी कोणाकडून तरी वाचून घ्यावी, कारण ‘स्वखुशीने जागा सोडत आहे’ अशा ओळीखाली एकदा अंगठा उठला, तर मग ३० दिवसांच्या हक्कासाठी भांडणं अवघड जातं.