निलगिरीच्या लाकडातील चिरा व बाक : पूर्वअंदाज

निलगिरीचा ओंडका चिरला की दोष बहुधा उन्हाला दिला जातो. ऊन सर्वस्वी निर्दोष नाही. परंतु झाड पाडताच ओल्या ओंडक्याच्या तोंडावर गाभ्यापासून सालीकडे तडे जातात, तेव्हा त्यांचा वाळण्याशी संबंध नसतो. त्यांचे मूळ झाडाच्या वाढीत असते.

खोडावर लाकडाचे नवे थर सतत चढत असतात. नव्या पेशींच्या भित्तिका पक्व होताना लांबीच्या दिशेने आखडू पाहतात. आतील जुने लाकूड त्यांना अडवते. परिणामी बाहेरील लाकूड ताणलेले राहते व गाभा दाबला जातो. ऑस्ट्रेलियातील वनशास्त्रज्ञ जेकब्स यांनी १९३८ व १९४५ साली प्रसिद्ध केलेल्या अभ्यासांत याचे विवेचन केले. क्यूब्लर यांच्या १९५९ मधील गणितानुसार ताण संपून दाब सुरू होण्याची सीमा मध्यापासून त्रिज्येच्या सुमारे सहा-दशांश अंतरावर येते. उभ्या झाडात हा तोल टिकतो. करवतीने तो मोडतो.

ताणाचा अंदाज झाड उभे असतानाच घेता येतो. थोडी साल काढून लाकडात एकाखाली एक अशा दोन खिळ्या बसवितात व त्यांच्या मधोमध भोक पाडतात. ताण सुटून खिळ्या जितक्या दूर सरकतील, तितका तो अधिक समजावा. हे सरकणे मिलिमीटरच्या अल्पांशात असल्याने सूक्ष्ममापक लागतो. एकाच जागी घेतलेले माप मात्र फसवे ठरते. कललेल्या झाडात वरच्या बाजूस ताण बराच अधिक असतो, म्हणून खोडाच्या सर्व बाजूंनी मापे घेणे आवश्यक आहे.

आरागिरणीत याहून सोपी परीक्षा करता येते. नमुन्याचा ओंडका मधोमध उभा चिरावा आणि दोन्ही अर्ध्या भागांची टोके किती फाकतात ते पाहावे. लांबी दुप्पट असल्यास फाक सुमारे चौपट होते. ताण तेवढाच असून ओंडका जाड असेल, तर ती कमी होते. कोवळ्या, बारीक झाडांच्या फळ्या अधिक वाकतात त्या यामुळेच. कर्नाटकातील नंदी टेकड्यांवरून पसरलेली ‘म्हैसूर गम’ निलगिरी कागदाच्या लगद्यासाठी व बल्ल्यांसाठी लवकर तोडली जाते. त्याच बारीक मालातून सरळ फळ्यांची अपेक्षा करणे व्यर्थ होय.

अंदाज प्रतिकूल आल्यास फळ्या एकाच बाजूने न काढता ओंडका आलटूनपालटून समोरासमोरच्या बाजूंनी चिरावा. ओंडके पाण्याने भिजत ठेवल्यास वाळण्याच्या चिरा टळतात, वाढीच्या ताणाच्या नव्हेत.