गारव्याने ठिसूळ होणारी नळी

पेडणे-डिचोलीत बसून अणुभट्टीची चर्चा कशाला, असे आपण विचाराल. पण काणकोण ओलांडून कारवारच्या पुढे काळी नदीच्या काठाने गेले की कैगा येते. तिथे २२० मेगावॅटच्या चार अणुभट्ट्या आहेत आणि प्रत्येकीत ३०६ आडव्या नळ्या. या नळ्यांत इंधन असते आणि त्यावरून सुमारे ३०० अंश सेल्सिअस तापलेले जड पाणी प्रचंड दाबाखाली वाहते. नळीची भिंत जेमतेम साडेतीन मिलिमीटर! धातू झिर्कोनियम, त्यात अडीच टक्के नायोबियम. झिर्कोनियम न्यूट्रॉन फारसे खात नाही, म्हणून त्याची निवड झाली.

गंजत मात्र तोही, अगदी हळू. पाण्यातला ऑक्सिजन तो घेतो. सुटलेल्या हायड्रोजनपैकी थोडा धातूत शिरतो. (जड पाण्यात हा हायड्रोजनही जड, म्हणजे ड्यूटेरियम.) धातू गरम असतो तोवर हायड्रोजन त्यात विरघळून राहतो. भट्टी थंड झाली की तो मावत नाही आणि हायड्राइडच्या बारीक चकत्या बनून बाहेर पडतो. आम्हा डॉक्टरांना हे ओळखीचे वाटते. गाऊटमध्ये युरिक आम्लाचे खडे पायाच्या अंगठ्यातच का साचतात? तो भाग शरीरात थंड असतो, हे त्याचे एक कारण.

या चकत्या पापडासारख्या ठिसूळ. नळीच्या घेराला धरून आडव्या पसरल्या तर धातू निभावून नेतो. भिंतीच्या आरपार उभ्या राहिल्या तर भेगेला वाट आयती मिळते. शिवाय हायड्रोजन थंड जागेकडे आणि ताण असेल तिकडे सरकतो. भेगेच्या टोकाशी ताण सर्वांत जास्त. तिथे चकती बनते, तडकते, भेग थोडी पुढे जाते, पुन्हा चकती.

कॅनडातल्या पिकरिंगला १ ऑगस्ट १९८३ रोजी असेच घडले. नळ्यांमध्ये अंतर राखणारे स्प्रिंगचे कडे जागेवरून सरकले, गरम नळी बाहेरच्या थंड नळीला टेकली, त्या जागी हायड्राइडचे फोड आले आणि नळी एकदम लांबलचक फाटली. ती जुन्या झिर्कलॉय-२ची होती. हा मिश्रधातू हायड्रोजन अधिक वेगाने शोषतो. आपल्याकडे राजस्थान आणि कल्पाक्कमच्या पहिल्या भट्ट्यांतही तोच होता. नव्वदच्या दशकात राजस्थानच्या दुसऱ्या भट्टीतल्या सगळ्या नळ्या बदलाव्या लागल्या.

आता नळीच्या आतून धातूचा पातळ कीस खरवडून हायड्रोजन मोजतात. दोन नळ्यांमधल्या वायूत दमटपणा आला, तर भेग झिरपते आहे हे फुटण्याआधी कळते. आणि थंड नळीवर पूर्ण दाब देत नाहीत, आधी तापवतात. कैगाची पहिली भट्टी २०१८ च्या अखेरपर्यंत सलग ९६२ दिवस चालली, याचे कौतुक विजेसाठी झाले. मला त्यात नळ्यांचे टळलेले गारठणे अधिक मोलाचे वाटते.